स्कोप

मुक्ता शिवलकर, एलएलबी, पहिल्याच दिवशी विचारते,
मॅडम, या लाइनीत स्कोप किती?

मी पंखा एकवर आणते. तीनवर कागद उडतात.
भाट्याच्या खाडीवरचा वारा दोनला येतो,
तोवर नावं जुळवत बसायचं.

सुरुवात झाली कोर्टाबाहेर,
झेरॉक्सवाल्या पावसकरांच्या पत्र्याखाली, अर्ध्या टेबलावर.
अर्ध्या, कारण उरलेल्या अर्ध्यावर
लॅमिनेशनचं मशीन तापत असायचं.
दाखल्यावर सोलकर, रेशनकार्डावर सोळकर,
पासपोर्टात आणखी तिसरंच काही.
तिघेही मीच, असं माणूस शपथेवर सांगायचा,
मी टाइप करायचे. वीस रुपये. स्टॅम्पपेपर वेगळा.
अब्बा म्हणायचे, सनद घेतलीस ती कारकुनीसाठी?
ते जहाजावर भंडारी होते, म्हणजे स्वयंपाकी,
अठ्ठावीस बंदरं पाहिलेली, सगळी रात्रीची.

मग ते पत्र आलं, परदेशातल्या कुणा अधिकाऱ्याचं:
एका कुटुंबात चार भावंडं, चार सालं,
आणि जन्मतारीख चौघांची एक जून. खुलासा करावा.
आता त्याला हेडमास्तर कसे सांगायचे?
शाळा भरायच्या आदल्या आठवड्यात ओटीवर बसलेले,
दौत, टाक, चहा,
आणि समोर आई, जिला एवढंच आठवतं,
की त्या साली मचवा बुडाला
आणि हा तेव्हा रांगत होता.
तीन रात्री लिहिलं. मचवा इंग्रजीत बसेना.
तरी व्हिसा झाला.
त्या चौघांतली एक आता टोरंटोत दात काढते. लोकांचे.

फी म्हणशील तर, सुरमई. ओले काजूगर.
अत्तराची बाटली, टँगचा डबा, कधी कधी चेकही.

कर्ल्याचा शौकत बिजले कुवेतला गेला तो कामावरच गेला.
एक्केचाळीस दिवस शवागारात,
कारण तिथल्या कार्डावर एक अक्षर जास्त होतं.
कफील फोन उचलेना, वकिलातीत मधली सुट्टी.
पेटी कशेडी घाटातून पहाटे आली.
चाळीसाव्याला त्याची बायको ऑफिसात आली, चप्पल बाहेर काढून.
मॅडम, दगडावर नाव कुठलं घालू?
पासपोर्टातलं, का आपलं?

त्याचा फॉर्म नाही माझ्याकडे.

आणि हे वहीत लिहू नकोस.
राजिवड्याचा एक पोरगा होता, नाव राहू दे.
मुलाखतीला त्याला मीच शिकवलं: परत येणार का, विचारतील,
डोळ्यात बघून हो म्हणायचं. म्हातारी आई आहे, म्हणायचं.
त्यानं सुंदर म्हटलं.
बारा वर्षं झाली.
आई जेटीकडच्या रस्त्याला खिडकीत बसते,
भेटले की दुवा देते, पोराला लाइनीला लावलंस म्हणून.
मी हल्ली वरच्या रस्त्यानं येते. चढ आहे, गुडघा दुखतो.

तर स्कोप.
मला वाटलं होतं, हायकोर्ट. काळा कोट, उंच छत,
माझ्या युक्तिवादाला कुणीतरी मान डोलावतंय.
दोनदा गेले. एकदा तारीख मिळाली,
एकदा जिंकले, आणि पक्षकार तोवर
आपल्या पायांनीच परत येऊन
मिरकरवाड्यात बर्फ फोडायला लागला होता.
निकालाची प्रत न्यायला अजून आला नाही.
वरच्या कप्प्यात आहे, निळ्या फाइलीत.

बाहेर बाकावर कोण बसलंय बघ.
आधी नाव विचार.
मग ते कसं लिहितात, ते विचार.
आणि कागदांवर तो भाट्याचा दगड ठेव,
दोन वाजत आले.