पोटखराबा

खेडगाव शिवार, गट नंबर दोनशे अकरा.
पुंजाजी ढोकरेंच्या बागेसमोर
मी मोबाइल धरून उभी, पीक पाहणीला.
पीक: द्राक्ष. सिंचन: ठिबक.
पुढचा रकाना, पोटखराब क्षेत्र:
सहा आर.

बागेत ओळीमागे ओळ, तार, लोखंडी अँगल,
खाली तणनाशकानं
घासल्या परातीसारखी लख्ख माती.
मुंगीलाही आडोसा नाही.

आणि सहा आर म्हणजे
ओढ्याकडचा हा तिरका बांध.
खाली खडक, म्हणून नांगर इथून परत फिरायचा.
बाभळीला सुगरणींचे अर्धे खोपे,
तरवडाच्या पिवळ्यात सातेरी माश्या,
बोरीच्या बुडाशी घोरपडीचं बीळ
(शेपूट दिसलं, बाकीची आत).
हिवर, रुई, घाणेरी,
आणि एक वेल, जिचं नाव
पुंजाजींनाही आठवेना.
"आई सांगायची," एवढंच म्हणाले.

"हर्षल म्हणतो, जेसीबी आणू.
खडक फोडू. तीन ओळी वाढतील."
बोलताना त्यांनी टाचेनं
एक ढेकूळ उगाच फोडलं.

मग मंदाबाईंचं निघालं.
"पलीकडं तिनं कांद्याचे डोंगळे लावले होते.
त्या साली आम्ही बांध पेटवलेला.
माघात पांढरी फुलं डोक्याएवढी,
अन् माशी नाही एक.
बाई सकाळी सकाळी मलमलचं फडकं घेऊन
फुलाफुलावरून फिरवायची,
लेकराचं तोंड पुसावं तसं."

"मग? बी धरलं?"

"धरलं थोडं."
जरा थांबून:
"माझ्याशी दोन वर्षं बोलली नाही."

मी रकाने पुन्हा वर-खाली केले.
पिकांची यादी लांबलचक,
घोरपडीला ओळ नाही,
फडक्याला नाही,
आईबरोबर गेलेल्या नावाला नाही.
आणि ज्याच्या पोटात एवढं सगळं नांदतं
त्याच्यापुढे कागदावर
खराब.

"सहाच लिहू?"
पुंजाजी बागेकडे बघत होते.
"लिही. सध्या सहाच."

त्या 'सध्या'वर बोट अडखळलं माझं.
मग खालचं हिरवं बटण दाबलं:
जतन करा.

रेंज नव्हती.
पडद्यावर ते चक्र नुसतंच फिरत राहिलं.
तेवढ्यात एक सुगरण आली,
चोचीत हिरवी धांदोटी, तिच्याहून लांब.
एवढ्या लख्ख शिवारात
कुठून आणली असेल?