खुंटीचं माप

इब्रात, दुपारच्या नमाजानंतर,
खलफान बाबांच्या मजलिसीत मी टेप सोडला.
भिंतीत दोन खुंट्या, त्यांवर रायफल,
दस्त्याला चांदीची पट्टी, तेल ताजं.
जमिनीपासून एकशे चौसष्ट.
खाली बैठक, बैठकीवर तीन लोड.
लोड मी मोजले नाहीत.
ते झहरानने मोजलेले होते.

सुनेला हवं कपाट, जाड पत्र्याच्या अस्तराचं, कुलपाचं.
सासऱ्याला हवी काच,
आल्यागेल्याला दिसेल अशी, आत दिवा.

मला अरबी येते ती कामापुरती:
फोग म्हणजे वर, तहत म्हणजे खाली,
मफ्ताह म्हणजे किल्ली,
बुकरा म्हणजे उद्या, किंवा पुढचा महिना.
एवढ्या फटींतून जेवढं भांडण दिसलं तेवढं पाहिलं.
वर, म्हणाला म्हातारा. वर, वर.
खाली, म्हणाली शम्सा, आणि तळहात
स्वतःच्या कमरेपाशी आडवा धरला.
त्या तळहाताखाली कुणीच उभं नव्हतं,
तरी आम्ही सगळे तिथेच बघत राहिलो.

नोआखालीचा रफिउद्दीन वायर सोलता सोलता मला सांगत होता:
म्हातारा म्हणतो, बंदुकीला कुलूप म्हणजे माझ्या बापाला कोठडी.
बाई म्हणते, बाप गेला, पोरगं आहे.
म्हातारा म्हणतो, मी पाच वर्षांचा असताना हिच्याखाली झोपायचो,
ईदला, लग्नाला हिचा आवाज ऐकत वाढलो,
धाक शिकवला की पोर हात लावत नाही.
बाई म्हणते, धाक तुमच्यासमोर. तुम्ही झोपता तेव्हा?
मग रफिउद्दीनने पदरचं घातलं:
पैसे दोघंही वेळेवर देतात. तू माप घे.

शेवटी म्हातारा जरा सैलावला.
गोळ्या तर वेगळ्या पेटीत आहेत, म्हणाला,
आणि त्या पेटीची किल्ली कुठे असते
ते या घरात फक्त मला ठाऊक.

झहरान दारात उभा होता, खजुराच्या चिकट हातांनी.
त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.
गेला, आणि उदाच्या धुपाटण्यामागून
किल्ली घेऊन आला.
आजोबांच्या हातावर ठेवली,
हरवलेलं शोधून दिल्यावर पोरं बघतात तसा बघत राहिला,
शाबासकीची वाट.

एसीचा आवाज फार मोठा असतो.

आमच्याकडे, खेडच्या वरच्या अंगाला,
रानडुकरांसाठी ठासणीची होती. माळ्यावर.
बाबा म्हणायचे, पोरांना माळा माहीत नाही.
मी नऊ वर्षांचा. भाताच्या कणगीवर पाय दिला की माळा.
सुशी खाली पाटीवर बदक काढत होती.
मी म्हटलं, हात वर कर.
तिने केले, हसत, एका हातात पेन्सिल.
मी घोडा ओढला. चाप दाबला.
टक.
केप लावलेली नव्हती. त्या दिवशी.
ठासलेली होती, हे रात्री कळलं,
बाबा शेतावर निघाले तेव्हा.

एकेचाळीस वर्षं. कुणाला बोललो नाही, बायकोलाही नाही.
सुशी रोज सकाळी फोनवर फुलांची चित्रं पाठवते,
सुप्रभात लिहिलेली, भडक.
सगळे वैतागतात.
मी लगेच उत्तर देतो.

कपाट केलं. सागवान बाहेरून, पत्रा आतून.
काच नाही. त्याबद्दल म्हातारा चार दिवस बोलला नाही.
कुलपं मी दोन घातली,
एक किल्ली त्याच्याकडे, एक शम्साकडे,
दोघं शेजारी उभे राहिले तरच उघडेल.
दुसरं कुलूप कुणी सांगितलं, त्याने विचारलं.
मला त्याचं अरबी आलं नाही.
बिलात ते धरलेलं नाही.

खुंट्या काढू दिल्या नाहीत त्याने.
तिथे आता त्याची काठी आहे.
मी निघताना झहरान एका लोडावर दुसरा लोड चढवत होता,
आणि म्हातारा, पहिल्यांदाच,
लोडांकडे बघत होता.