डावीकडचा ब्रेक

"तीन महिने फुकट होतं, सर.
आता गाडी दर महिन्याला अठराशे मागतीय. भरू का?"
सुनेत्रा आवटी. दोन हजार अकराची मे महिन्याची बॅच,
क्लच सोडताना जीभ दातात धरायची.
आता मिरजेत भूल देते.

म्हटलं, शेजारी बसून बघतो, मग सांगतो.
शेजारी बसणं. दुसरं काय केलंय मी एकतीस वर्षं?
कुपवाड रोडला पत्र्याचं शेड, दोन जुन्या मारुती,
आणि डावीकडं माझा स्वतःचा ब्रेक,
गफूर वेल्डरनं लोखंडी पट्टी जोडून दिलेला.
एकवीस दिवसांची फी, पेट्रोल धरून.
बाविसाव्या दिवशी मी उतरायचो.

हायवेला तिनं बटण दाबलं.
स्टिअरिंग आपोआप हललं, एवढंसं,
झोपेत कूस बदलावी तसं.
पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध गाडी अशी चालली
की माझ्या एकाही विद्यार्थ्याची कधी चालली नाही.
खोटं कशाला बोलू?
पुढचा ट्रक हळू झाला, ही हळू झाली.
तो निघाला, ही निघाली.
हॉर्न नाही, शिवी नाही.
सुनेत्राचे खांदे खाली आले होते.
"रात्री दोनला कोल्हापूरची केस उरकून परतते ना, सर,
तेव्हा हे अठराशे स्वस्त वाटतात."

मग इस्लामपूरचा रस्ता धरला.
डिग्रजच्या पुढं पट्टे संपले.
गळीत हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर,
भोंग्यावर गाणं, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर,
उसाचं वाढं रस्ता झाडत चाललेलं.
पडद्यावर तिथं आधी काहीच नव्हतं,
मग एक मोटारसायकल उमटली,
मग बस, मग परत मोटारसायकल.
ऊस म्हणजे काय, गाडीला ठरवता येईना.
टुंग, टुंग, टुंग वाजायला लागली,
आणि पुढचं गाव नेमकं तुंग.
दोघंही हसलो.

हसतानाच बैलगाडी आली.
मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत,
गाडीवानाचा पटका तेवढा दिसला.
माझा उजवा पाय कचकन खाली गेला,
रबरी मॅटवर, जिथं काहीच नव्हतं.
आणि गाडी थांबली.

कुणी थांबवली, ते अजून ठरलेलं नाही.
सुनेत्रा म्हणते, मी दाबला.
पडद्यावर लिहून आलं, गाडीनं.
माझ्या पोटरीला विचाराल तर तिचं तिसरंच म्हणणं.
बैलानं मान वळवून बघितलं
आम्हा तिघांकडं.

आष्ट्याला टपरीवर चहा घेतला.
"ऑपरेशनमध्ये श्वास मशीन देतं, सर.
पण मी खुर्चीवरून उठत नाही. फोनही बघत नाही."
"आणि गाडीत?"
बशीतला चहा संपेपर्यंत गप्प.
"मागच्या आठवड्यात बघितला. दोनदा."

मी सांगितलं, रात्रीच्या ड्युट्या आहेत तोवर भर.
आपोआप थांबायचा ब्रेक फुकटात येतो ना? तो राहू दे.
पट्टीतून चालायचे पैसे पट्टी असेल तिथंच वसूल होतात,
हंगामात इकडं आलीस तर बटणाला हात लावू नको.
फोन डिकीत.

एवढं बोलून थांबायला हवं होतं.
पण तोंडातून गेलंच,
मी बाविसाव्या दिवशी उतरायचो, पोरी.
उतरायचेच पैसे घ्यायचो म्हण ना.
हे उतरणारं नव्हं.
ज्या महिन्यात अठराशे भरणार नाहीस
त्या महिन्यात तुझे हात तुला ओळखतात का, बघ.

चहाचे पैसे तिनं दिले.

परतताना तिनं बटण दाबलं नाही.
सांगलीवाडी येईपर्यंत
मी चार वेळा मॅट दाबली. तिनं बघितलं असणार,
बोलली नाही.
शेडपाशी उतरलो तर पोटरीत गोळा आलेला.
मी हात केला, जा म्हटलं,
आणि गाडी इतकी गुपचूप निघून गेली
की तिनं दुसरा गिअर नीट टाकला का,
हे कानाला कळायला काही मार्गच नव्हता.