दगड ते दगड

येझदीच्या काट्याची केबल तुटली
तेव्हा मी सातवीत होते, दुसऱ्याच तालुक्यात.
लग्न होऊन आले तरी काटा शून्यावरच
आणि मामाजी ओट्यावर, हिरव्या पट्टीखाली डोळा झाकून,
येईल त्याला सांगताहेत : एकशेवीस.
कापसाचे ग्रेडर होते तेव्हाची गोष्ट,
या केंद्रावरून त्या केंद्रावर, एकशेवीस.

सुभान मिस्त्री म्हणायचा, काका,
एकशेवीसवर तर नट उडून जातीन इचे.
तुह्या बापानं कसले होते, मामाजी म्हणायचे,
नाही उडले.

शाळेचं स्टॉपवॉच माझ्या गळ्यात असतं.
पोरींची शंभर मीटर मी त्यावर पकडते,
शतांशाची सूट देत नाही कुणाला.
हिशेब सरळ होता :
किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत
जेवढे सेकंद, त्यांनी छत्तीसशेला भागायचं.
छत्तीस लागले तर शंभर.
तीस लागले तर मामाजी खरे.

माघातला रविवार. घर झोपलेलं.
किक मारायची, तोच दांडा पुढे ढकलला की गिअर,
हे तिचं मला अजून नवलच वाटतं.
मागे मामाजी, कानटोपी, वर मफलर,
अंगठ्याखाली घड्याळ.
धुतल्यावानी दिसते आता मले, म्हणाले. चाल.

खारपाणपट्ट्यात रस्त्याला वळायचं कारणच पडत नाही.
डावीकडे हरभरा, उजवीकडे हरभरा,
आंबेचा आंबट वास थेट घशात,
आणि पुढे एक दोरी, ताणून धरलेली.

तिसऱ्यात ती कुरकुरली.
चौथ्यात गप्प झाली, तेव्हा भीती वाटली खरी.
डोळ्यांतलं पाणी गालावर उतरेना,
सरळ कानात जायला लागलं.
ओढणी मी कमरेला गाठ मारून बांधली होती,
तरी तिचं एक टोक सुटून पाठीमागे कुणालातरी फटकारत होतं,
म्हणजे मामाजींनाच.
हँडल हलकं झालं. इतकं हलकं
की ते धरलंय की नुसतं त्याला हात लावलाय कळेना.
शेतं नव्हती, हिरवं होतं.
खांब नव्हते, फट् फट् फट् होतं.
एखादा रोही आडवा आला तर,
हा विचार आला आणि मागेच राहिला,
त्यालाही आमच्यासोबत येता आलं नाही.

पहिला दगड गेला. पाठीत अंगठा दाबल्याचं जाणवलं.
मग त्यांची हनुवटी माझ्या खांद्यावर टेकली
आणि ते कानाशी ओरडले : सोड!
मूठ सोड, की तिला सोड?
मला हवा तो अर्थ मी घेतला.

पुलाजवळच्या टपरीवर
माझ्या हातातला कप बशीत वाजत होता.
तळहात अजून गाडीवरच होते.
मामाजींनी घड्याळ डोळ्याजवळ नेलं.
चार मिनिटं अकरा सेकंद. बारा. तेरा.
चालूच होतं.
दुसरा दगड नाही आला, ते म्हणाले.
आला असता तर दिसला असता मले.

परत येताना तिसऱ्यातच आलो.
दगड होता. नुकता रंगवलेला, पिवळ्या डोक्याचा,
त्यावर कोतवाल पक्षी शेपूट हलवत बसलेला.
मी हळू केली. मामाजी उजवीकडे,
हरभऱ्याकडे बघत होते.

सवयीनं मी मनातही मोजत असते.
एकोणचाळीस.
भागाकार करायचा मी टाळला,
पण तो काय, आपोआप होतो.

गावात शिरलो तर सुभान शटर उचलत होता.
किती, काका?
इले विचार, मामाजी म्हणाले, हिच्याच गळ्यात अस्ते घड्याळ.
आणि कानटोपी काढून
उगाच झटकत उभे राहिले.

माझ्या खालच्या ओठाला किडा चिकटला होता,
वाळून घट्ट झालेला.
तो नखानं काढेपर्यंत
मला बोलता येणार नव्हतं.
मी सावकाश काढला.