सात रुपये

मच्छेपासून वाक्य तोंडात घोळवतोय.
मराठीत : हितं थांबवा.
कन्नडात : इल्ली निंदरसरी.
आवाज दोन्हीकडं
गळ्याच्या बटनापाशी अडतो.

कंडक्टरनं तिकिटामागं लिहिलेले सात रुपये
मी केव्हाच सोडून दिलेत.

गणेबैल मागं गेलं.

इदलहोंडला एक बाई, मांडीवर रताळ्यांची पिशवी,
अर्धी मराठी अर्धी कन्नड, सगळीच चुकीची,
ओरडली,
आणि अख्खी बस थांबली.
तिच्या घरातलाच असल्यासारखा
मागोमाग उतरलो.

मग उलटं चालताना, दोन्ही बाजूंना भात,
कुणी नाही बघून
म्हटलं एकदाचं मोठ्यानं :
इल्ली निंदरसरी!

मागनं येणारा टेम्पो कचकन थांबला.
"काय झालं ओ?"

काही नाही, म्हणालो.
त्यानं गिअर टाकला तेव्हा :
गणेबैलला सोडता?