चार सऱ्या

टाकीच्या जिन्याला सत्तावीस पायऱ्या.
रोज पहाटे चढतो, टीसीएल कालवतो, ओततो.
अकरा वर्षं तो वास नाकात बसलाय;
पुरणपोळीलाही तोच येतो म्हटलं
की बायको म्हणते, नाक बदला.

टीसीएलनं जंतू मरतात.
युरिया मरत नाही.
हे मला मुजावरांच्या तबस्सुमनं सांगितलं,
जॅकवेलच्या कठड्यावर तपासणीची पेटी उघडून.
काचेच्या नळीत पाणी, पाण्यात चिमूटभर पूड,
आणि आम्ही दोघं गप्प.
पाणी गुलाबी झालं.
मग आणखी गुलाबी.
निवडून आल्यासारखं.

"उकळून प्यायलं तर?"
"उकळलं तर वाढतंय, काका.
पाणी उडून जातंय, ते मागं राहतंय."

माझी नात तेव्हा पाच महिन्यांची, दूध पावडरीचं.
घरी गेलो, बाटली धुतली, उपडी घातली.
कुणाला काही बोललो नाही.

आमचा ओढा भोगावतीला मिळतो,
भोगावती पुढं पंचगंगेला,
आणि तेच पाणी कोल्हापूर पितं.
पण ओढा आधी वरच्या गावाचा.
आणि वरच्या गावाशी आमचं बोलणं बंद,
म्हशींच्या एका शर्यतीवरून.
त्या म्हशी कधीच्या मेल्या.

तरी सभा झाली.
त्यांचे बाबगोंडा उठले, टोपी हातात:
"ऊस आमचा, खत आमचं, पाऊस देवाचा.
ओढ्यात काय गेलं त्याचा हिशोब आम्ही ठेवायचा व्हय?"
तबस्सुमनं त्यांच्याच बोअरचं पाणी नळीत घेतलं.
चहा येईपर्यंत गुलाबी झालं.
चहा कुणी घेतला नाही.

पुढचं सगळं कागदावरचं, कंटाळवाणं,
आणि मला त्याचंच अप्रूप:
ओढ्याच्या दोन्ही काठांना चार सऱ्या सोडायच्या.
तिथं ऊस नाही, हत्तीगवत.
खत माती तपासून, थोडं थोडं,
भर पावसात पोतं फोडायचं नाही.
सोडलेल्या सऱ्यांचं नुकसान
आम्ही खालच्यांनी भरायचं,
पाणीपट्टीत, घरटी महिना बारा रुपये.

इथं आमचीच माणसं उसळली:
"घाण त्यांची आणि पैसे आमचे?"
तीन सभा त्या एका वाक्यात गेल्या.
शेवटी सुंदराबाई सुतार, बसल्या जागेवरून:
"दवाखान्यात पावती फाडताना
इचारता का, घाण कुणाची?"
सूचक, अनुमोदक, सह्या, दोन अंगठे.

गवत आता कमरेला आलंय.
मध्ये कुणीतरी रात्रीत दोन सऱ्या परत नांगरल्या;
बाबगोंडांनी स्वतः दोरी धरून मोजून सोडवल्या,
शिव्या देत. त्याला की आम्हाला, कळलं नाही.

काल नळी उजेडात धरली.
गुलाबी आहे. अजून आहे.
तबस्सुम रंगपट्टीवर बोट सरकवते,
एक घर खाली,
परत वर, परत खाली.
"लिहू का, काका?"

थांब, म्हणालो.
नळी धू.
पुन्हा घे.