नऊचा स्लॉट

प्रॉक्टरबाईंनी दरपत्रक जेवणाच्या टेबलावर पसरलं,
मी लोणच्याची बरणी जरा बाजूला सारली.
स्विंडनमध्ये सकाळी नऊचा स्लॉट स्वस्त पडतो म्हणे,
दुपारी लोकांना यायला सोयीचं, म्हणून महाग.
नऊला हे कधी आंघोळ करून तयार नसतात.
मी म्हटलं, तरी नऊचाच लिहा.

पेटीला पितळी कड्या?
जाळायच्या आधी काढूनच घेणार ना,
मग पैसे कसले?
बाई गोंधळल्या.
एकतीस वर्षं इस्पितळाच्या किचनमध्ये
बटाट्यांचा हिशेब ठेवलाय मी.

फुलं नकोत. गाडी एकच.
गुरुजी लेस्टरहून येतील, त्यांचं पेट्रोल वेगळं धरा.
आणि दोघांचं एकदम घेतलं तर काही कमी?
ह्यावर हे पहिल्यांदा हसले,
मग चष्मा पुसत विचारलं,
हप्ते फिटायच्या आत एक जण गेला तर?
एक जण, म्हणाले.
मी चहाचे कप उचलले.

छत्तीस हप्ते. भाव आजचाच, कायमचा.
उद्या ब्रेड सोन्याच्या मोलाने विकला गेला
तरी आमचं मरण आजच्या दरात.
पावती बॉयलरच्या गॅरंटीखाली ठेवली,
गॅरंटी मार्चमध्ये संपते.

रात्री जिन्यातला दिवा मालवला,
नेहमीसारखा, लगेच.
वरून हाक आली:
राहू दे गं आज.
आणि त्या हीटरलाही हात लावू नकोस.